वाचलेल्या वर्षाचा हिशेब

ऑगस्ट २०२४. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी प्रॅक्टिकल संपल्यावर प्रयोगशाळेत थांबली आणि तिनं माझ्यापुढे चार घड्यांचा कागद उलगडला. पेन्सिलीनं आखलेला तक्ता होता. डावीकडे सत्रं, उजवीकडे पेपर. तिसऱ्या सत्रात वन्यजीव संवर्धनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम, चौथ्यात वन्यजीव परिसंस्थेचा, पाचव्यात आमच्याच विभागातल्या एम.एस्सी.ला असलेला प्राणिसंख्या मोजण्याच्या पद्धतींचा पेपर, सहाव्यात आणखी एक. तळाशी लाल शाईत लिहिलं होतं: ‘एम.एस्सी. संवर्धन, एक वर्ष कमी.’

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. संवर्धनाकडे जायचं म्हणणारी मुलं दरवर्षी दोन-चार भेटतात, त्यांतली बरीचशी वाघाच्या फोटोपाशी थांबतात. ही मुलगी आंबोलीच्या पंचक्रोशीतली. आई मे महिन्यात आणि पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेवर चहा-भज्यांची टपरी लावते, वडील भात आणि नाचणी करतात. लहानपणापासून तिला बेडकांचे आवाज ओळखता येत होते आणि त्याचा शिक्षणाशी काही संबंध असू शकतो हे तिला बारावीनंतर कळलं होतं. तक्ता पाहून मला फार आनंद झाला. मी सही केली. त्या सहीपासून पुढच्या दीड वर्षात काय झालं, कुठे माझं चुकलं आणि कुठे तिचं बरोबर निघालं, ते इथे सविस्तर मांडते आहे, कारण आता असे तक्ते घेऊन येणारी मुलं वाढली आहेत आणि त्यांच्या शिक्षकांनाही माझ्यासारखाच आनंद होत असणार.

ही कल्पना तिनं अमेरिकेतल्या विद्यापीठांबद्दल वाचून घेतली होती. तिथल्या अनेक विद्यापीठांत पदवीचा विद्यार्थी शेवटच्या वर्षात, कधी त्याच्याही आधी, पदव्युत्तर वर्गातले काही पेपर घेतो. ते पेपर पदवीलाही धरले जातात आणि पुढे त्याच विद्यापीठात मास्टर्स केली तर तिथेही. संवर्धन, पर्यावरण व्यवस्थापन, वास्तुवारसा अशा विषयांत ही सोय बऱ्याच ठिकाणी आहे. चार वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची मास्टर्स मिळून सहा होतात, ती पाचात आटोपतात. शिवाय तिथल्या फीच्या मानानं वाचलेलं एक वर्ष म्हणजे घरच्यांवरचा केवढा भार उतरतो.

आपल्याकडे असं काही आहे का, तर आहे आणि नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी ते २०२३-२४ पासून पदवीला लागू केलं, संलग्न महाविद्यालयांनी त्याच्या पुढच्या वर्षी. ही मुलगी जून २०२३ ची, म्हणजे आमच्याकडच्या पहिल्याच तुकडीतली. नव्या रचनेत तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. चौथ्या वर्षाचा विद्यार्थी जे शिकतो त्याची पातळी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाइतकी धरलेली आहे, म्हणून ऑनर्स झालेल्याला एक वर्षाची एम.एस्सी. करता येते. पेपरांच्या क्रमांकांतही हे दिसतं: दोन वर्षांच्या मास्टर्सच्या पहिल्या वर्षाचे पेपर पाचशेच्या घरात, दुसऱ्या वर्षाचे सहाशेच्या. ‘एक वर्षाची एम.एस्सी.’ हे शब्द तिनं ऐकले होते आणि मीही. दोघींनी ते अमेरिकेच्या गोष्टीला जोडले आणि बेरीज करायची राहून गेली.

तिची आई एकदा फोनवर मला म्हणाली होती, “बाईंनू, चेडू म्हणता एक वर्स वाचतला. खरा काय ता?” मी ठामपणे “हो” म्हणाले.

पहिले दोन पेपर

जुलै ते ऑक्टोबरच्या फेरीत तिनं एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरचा, आयआयटी कानपूरमार्फत चालणारा वन्यजीव संवर्धनाचा अभ्यासक्रम घेतला. जानेवारी ते एप्रिलच्या फेरीत वन्यजीव परिसंस्थेचा. अशा पुष्कळ अभ्यासक्रमांवर पदवी आणि पदव्युत्तर अशा दोन्ही पातळ्यांची खूण असते, त्यामुळे बी.एस्सी.च्या मुलांना दारातून परत फिरावं लागत नाही. दर आठवड्याला गृहपाठ, शेवटी केंद्रावर जाऊन देखरेखीखालची परीक्षा. गृहपाठाचे २५ गुण, परीक्षेचे ७५. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. व्याख्यानं ऐकणं फुकट आहे, परीक्षेला फी पडते. दोन्ही परीक्षांच्या फीचे पैसे तिनं टपरीवरच्या गणपतीतल्या आणि मे महिन्याच्या कमाईतून बाजूला काढले.

दोन्ही पेपर चांगले गेले. इंग्रजीतून अधिवास, वहनक्षमता, परिघाचा परिणाम हे शब्द तिच्या तोंडी बसले. मी हे हलकं मानत नाही. आंबोलीच्या मुलीला बंगळुरू किंवा डेहराडूनच्या मुलाखतीत बसायचं असेल तर हे शब्द आधी कानावरून गेलेले बरे. फक्त शब्द आणि काम यांच्यात अंतर असतं, ते पुढे मे महिन्यात दिसलं.

आधी क्रेडिटचं, म्हणजे पेपर पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांचं सांगते. हा तिच्या तक्त्याचा पाया होता. मिळालेली क्रेडिट्स अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या तिच्या खात्यात जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत चालतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे पेपर ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठामार्फत करता येतात (एनपीटीईएलचे अभ्यासक्रम त्यातच येतात), पण कुठला पेपर कुठल्या पेपरच्या जागी धरायचा हे महाविद्यालय ठरवतं. आमच्या विद्या परिषदेनं तिचा पहिला अभ्यासक्रम वैकल्पिक पेपर म्हणून मान्य केला. दुसरा केला नाही, कारण त्यातला बराच भाग आमच्या नेहमीच्या परिसंस्थेच्या पेपरमध्ये होता. हा निर्णय मला तेव्हा कोता वाटला होता, आज तसा वाटत नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. बँकेचं नाव बँक आहे आणि तिचा व्यवहारही बँकेसारखाच चालतो. पदवीसाठी वापरलेलं क्रेडिट खात्यातून वजा होतं, ते पुन्हा एम.एस्सी.साठी काढता येत नाही. अमेरिकेतल्या सोयीचं सारं इंगित हेच की एकच पेपर दोन्हीकडे धरतात, आणि ते जमतं कारण पदवीही त्याच घरातली आणि मास्टर्सही. आपल्याकडे बी.एस्सी. एका गावात, एम.एस्सी. दुसऱ्या. मान्य झालेला पेपर बी.एस्सी.त खर्ची पडला. मान्य न झालेला खात्यात शिल्लक आहे, पण तो स्वीकारायचा की नाही हे ज्या घरात जायचं आहे त्या घरानं ठरवायचं. तिनं तीन ठिकाणी ई-मेल पाठवून विचारलं. दोन ठिकाणांहून सरळ ‘नाही’ आलं, तिसरीकडून उत्तर आलं नाही. हा पत्रव्यवहार पहिल्या पेपरची फी भरण्याआधी व्हायला हवा होता, आणि तो करून घेणं माझं काम होतं.

पाऊस आधी आला

२०२५ चा पाऊस महाराष्ट्रात कोणी विसरणार नाही. २४ मेला मोसमी वारे केरळात पोचले आणि दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत आले, नेहमीच्या तारखेच्या जवळजवळ दोन आठवडे आधी. त्याआधीही चार-पाच दिवस कोकणात कोसळतच होता. त्या आठवड्यात आमच्याकडे चौथ्या सत्राची परीक्षा चालू होती.

इथे तिच्या विषयाबद्दल थोडं सांगायला हवं. आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यावर एक छोटा टोड राहतो, झॅन्थोफ्रायनी टायग्रिना. शास्त्राला त्याची नीट ओळख २००९ मध्ये झाली. त्याचा एक भाऊबंद कोयनेच्या परिसरात आहे. या वंशातल्या (जीनसमधल्या) दोनच जाती माहीत आहेत आणि दोन्ही सह्याद्रीच्या उत्तर भागाबाहेर कुठे नाहीत. आंबोली टोड जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. पहिल्या पावसात कातळावर जी उथळ, चार दिवसांत आटू शकणारी डबकी होतात, तिथे हे टोड रात्री जमतात, नर ओरडतात, अंडी घातली जातात. गर्दीचा काळ थोड्याच रात्रींचा. वर्षभर त्यांना शोधायला गेलं तर दगडाखाली एखादा सापडला तर सापडला. तेव्हा मोजायचं असेल तर याच रात्री मोजायचं. परीक्षेचं वेळापत्रक या रात्रींना विचारून लागत नाही.

२१ मेच्या रात्री आईचा फोन आला, “बेबे वराडाक लागले गो.” बेडूक ओरडायला लागले होते. मुलगी कोल्हापुरात, तिसऱ्या दिवशी जैवरसायनाचा पेपर. ती रडली, असं तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं मला नंतर सांगितलं. शेवटचा पेपर २९ तारखेला संपला आणि ती संध्याकाळच्या एस.टी.नं घरी गेली.

गावच्या सामाईक कातळावरची २४ डबकी तिनं आधीच हेरून ठेवली होती. वनखात्याच्या हद्दीत जायचं नाही, प्राण्याला हात लावायचा नाही, फक्त पाहायचं, ऐकायचं आणि फोटो काढायचा, हे आमचं ठरलं होतं. डबक्यांत पाय घालायचे नाहीत, बूट एका डबक्याकडून दुसऱ्याकडे जाताना पुसायचे, कारण बेडकांचे रोग माणसाच्या चिखलानंही पसरतात. चार वाजेपर्यंत टपरीवर आईला मदत, मग थोडी झोप, रात्री आठला हेडटॉर्च लावून भावाबरोबर कातळावर. जूनमध्ये तिनं तीन फेऱ्या केल्या. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तसल्या पावसात वही सांभाळणं ही साधी गोष्ट नाही. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून पेन्सिलीनं लिहिलं.

तेव्हा ते कागद मी पाहिले आणि शाबासकी दिली. त्यांत काय चुकलं होतं ते मलाही दिसलं नाही. माझं स्वतःचं काम माशांच्या शरीरक्रियेवर आहे, मोजणीचं शास्त्र मी पुस्तकातून शिकवते. हे इथे लिहिणं जरुरीचं आहे, कारण छोट्या महाविद्यालयातल्या अशा मुलांचे मार्गदर्शक बहुधा माझ्यासारखेच असतात.

रिकामा चौकोन

पाचव्या सत्रात, जुलै २०२५ पासून, ती एम.एस्सी.च्या वर्गात बसू लागली. रीतसर नोंदणी शक्य नव्हती, बी.एस्सी.च्या मुलीला पाचशेच्या घरातला पेपर देण्याची तरतूद आमच्याकडे चौथ्या वर्षाआधी नाही. मागच्या बाकावर श्रोता म्हणून बसायची परवानगी विभागप्रमुखांनी दिली. क्रेडिट शून्य.

तो पेपर आमचे एक तरुण सहकारी शिकवतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी पकडून-खूण करून-पुन्हा पकडण्याची जुनी रीत शिकवली. तळ्यात ४० मासे पकडून खूण केली आणि सोडले. पुन्हा ५० पकडले, त्यांत खुणेचे १० निघाले. म्हणजे खुणेचे मासे पाचात एक. मग तळ्यात एकूण ४० च्या पाचपट, साधारण २००. अर्थात खूण गळून पडली नाही, मधल्या काळात मासे आले-गेले नाहीत, खुणेचा मासा जाळ्याला बिचकला नाही, हे सगळं गृहीत धरून. मुलीनं हे वहीत उतरवून घेतलं आणि तिला ते सोपं गेलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात व्याप्तीचा हिशेब आला. सहकाऱ्यांनी फळ्यावर विचारलं: तुम्ही एका जागी गेलात आणि प्राणी दिसला नाही, तर तक्त्यात काय लिहाल? वर्ग म्हणाला, शून्य. त्यांनी पुढे विचारलं: त्या शून्याचा अर्थ काय? प्राणी तिथे नाही, की तिथे असून तुम्हाला दिसला नाही? एका फेरीत दिसण्याची शक्यता निम्मी धरली, तर आठ ठिकाणी तो असताना तीन फेऱ्यांनंतरही एका ठिकाणी तो तुम्हाला एकदाही दिसलेला नसेल. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचं आणि प्रत्येक फेरीची नोंद वेगळी ठेवायची. त्या नोंदींच्या क्रमातूनच दिसण्याची शक्यता काढता येते.

तास संपायच्या आत ती वर्गातून उठली. हॉस्टेलवर जाऊन जूनचे कागद घेऊन आली आणि माझ्या टेबलावर पसरले. टोड दिसला तिथे तिनं १ लिहिला होता. दिसला नाही तिथे काहीच लिहिलं नव्हतं. चौकोन रिकामा. आता प्रश्न असा की रिकामा चौकोन म्हणजे त्या रात्री गेलो आणि दिसला नाही, की धुकं आणि पाऊस वाढला म्हणून त्या डबक्यापर्यंत गेलोच नाही? बहुतेक चौकोनांचं तिला आठवत होतं, फोटोंच्या वेळांवरून काही लावता आले. भावाला फोन करून विचारलं. तरी चार डबक्यांचा उलगडा झाला नाही. ती चार बाद करावी लागली.

उरली वीस. पहिल्या फेरीअखेर ८ डबक्यांत टोड दिसला होता, दुसरीअखेर ११, तिसरीअखेर १३. सहकाऱ्यांनी तिच्याकडून संगणकावर हिशेब करून घेतला. एका फेरीत दिसण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आली, म्हणजे तीन फेऱ्यांत आठातली सात डबकी सापडतात. १३ ला सात अष्टमांशानं भागलं की १५ च्या जवळ जातो. तेव्हा वीसपैकी साधारण १५ डबक्यांत टोड असावेत आणि दोन डबकी तिच्या डोळ्यांना चुकली असावीत. नमुना छोटा आहे, त्यावरून आंबोलीबद्दल काही म्हणता येणार नाही. पण त्या संध्याकाळी तिच्या हातात प्रथमच एक आकडा होता ज्यात तिच्या न दिसण्याचाही हिशेब धरला होता.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा त्या चार बाद डबक्यांत आहे. हा तास मेआधी झाला असता तर २४ ची २४ हाती लागली असती. संवर्धन शिकणाऱ्याला वर्षाची टंचाई नसते, पावसाळ्यांची असते. दोन वर्षांच्या एम.एस्सी.त पावसाळे मिळतात दोन. पहिला येतो तेव्हा विद्यार्थी नुकता दाखल झालेला असतो, पद्धती शिकायच्या असतात. दुसरा येतो तेव्हा तिसऱ्या सत्राचे वर्ग चालू असतात. आणि प्रबंधाचं मैदानी काम बहुतेक ठिकाणी चौथ्या सत्रात, जानेवारी ते मे, कोरड्या दिवसांत येतं. पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजायला ते ठीक आहे, बेडकांना नाही. पद्धती आधीच शिकून गेलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही पावसाळे कामी लावता येतात. पदवीत असताना पदव्युत्तर पेपर करण्याचं मला पटलेलं कारण एवढंच आहे, आणि त्यासाठी क्रेडिट मिळण्याची गरज पडत नाही. तिच्या तीन पेपरांपैकी सर्वांत जास्त उपयोगी ठरला तो शून्य क्रेडिटचा.

त्याची किंमतही तिनं मोजली. पाचव्या सत्रात स्वतःचे २२ क्रेडिटचे पेपर, त्यावर एम.एस्सी.चा तास, त्याची ‘आर’ या संगणकभाषेतली प्रॅक्टिकलं, आणि तक्त्यात नसलेला आणखी एक ऑनलाइन अभ्यासक्रम, जो मी थांबवायला हवा होता. बारावीला गणित सोडलेल्या मुलीला संख्याशास्त्र मुळापासून शिकावं लागत होतं. ऑक्टोबरमध्ये ती आजारी पडली. पहिल्या चार सत्रांत तिची सरासरी ७८ टक्के होती, पाचव्यात ६६ आली. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात. हिशेब केला तर सहाव्या सत्रात किमान ७२ पडायला हवे होते. पुढे जाण्यासाठी घेतलेल्या पेपरांमुळे पुढे जाण्याची एक वाट बंद होण्याच्या बेतात आली होती. आता आमच्या विभागात एका सत्रात एकच जादा पेपर असा दंडक मी घालून घेतला आहे. तोही चौथ्या सत्रात, संख्याशास्त्राचा किंवा मोजणीचा, म्हणजे जूनआधी हातात काही असेल.

तीन आणि दोन, चार आणि एक

दिवाळीच्या सुट्टीत मी आंबोलीला गेले. टपरी बंद होती, आईनं घरी चहा केला. सहाव्या सत्राआधी ठरवायचं होतं: तीन वर्षांनी बाहेर पडायचं की चौथं वर्ष करायचं. मी कागद काढून समजावू लागले. तीन वर्षांची पदवी घेतली तर एम.एस्सी. दोन वर्षांची, चार वर्षांची ऑनर्स केली तर एक वर्षाची. आई मन लावून ऐकत होती. मग तिनं बोटांवर मोजलं. “तीन नि दोन पाच. चार नि एक पाच. मगे बाईंनू, वाचला काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सव्वा वर्षात, दोन पदव्युत्तर पदव्या असलेल्या मला ही बेरीज सुचली नव्हती. अमेरिकेतल्या मुलाचं वर्ष वाचतं, कारण त्याची पदवी मुळातच चार वर्षांची आणि मास्टर्स दोनची. आपली तीन आणि दोन पहिल्यापासून पाचच होती. नव्या रचनेत त्या पाचाची फोड बदलली. आणि चौथं वर्ष करून संवर्धनाच्या दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जायचं झालं तर सहा.

मग आम्ही तिघींनी तिच्या मनातल्या जागा एकेक करून तपासल्या. आमच्याकडे चौथं वर्ष केलं तर एक वर्षाची एम.एस्सी. सरळ मिळेल ती प्राणिशास्त्रात. पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एम.एस्सी. आहे, भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेत वन्यजीव संवर्धनाची. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातली (एनसीबीएस) वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाची एम.एस्सी. दोन वर्षांची आणि मैदानी कामावर भर देणारी. प्रवेशपरीक्षा आणि मुलाखतीतून मोजकी मुलं घेतात आणि सगळ्यांना पहिल्या दिवसापासून एकत्र शिकवतात. आधी केलेल्या पेपरांची तिथे वजावट नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतही १९८८ पासून चालत आलेला अभ्यासक्रम असाच, तुकडीनं शिकण्याचा.

एनसीबीएसची आणखी एक गोष्ट तिनं स्वतः शोधून काढली होती आणि ती मला माहीत नव्हती. तिथली तुकडी दरवर्षी भरत नाही. २००४ मध्ये पहिली, मग २००६, २००८, अशी सम सालांची ओळ. ती ओळ तशीच चालली तर तीन वर्षांची पदवी घेऊन २०२६ मध्ये बाहेर पडणारीला दार उघडं, आणि चौथं वर्ष करून २०२७ मध्ये बाहेर पडणारीला २०२८ पर्यंत थांबायचं. ज्या वर्षाच्या बचतीसाठी सारं चाललं होतं, ते चौथ्या वर्षापायी आणखी एक सोबत घेऊन गेलं असतं.

चौथं वर्ष टाकाऊ आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. ७५ टक्क्यांसह चार वर्षांची पदवी असेल तर मास्टर्सशिवाय थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, २०२२ च्या नियमांनी ती वाट उघडली आहे. ज्याला आपला प्रश्न सापडलेला आहे आणि ज्याच्या महाविद्यालयात त्या प्रश्नाचा जाणकार आहे, त्याला १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प फार मोलाचा. आमच्याच विभागात रेशमाच्या किड्यांवर काम करणाऱ्या एका मुलाला मी तेच करायला सांगितलं, कारण त्याचे मार्गदर्शक त्या विषयात मुरलेले आहेत. या मुलीला चौथ्या वर्षात मार्गदर्शक मिळाले असते ते माशांवाली मी. सहमार्गदर्शक शोधता आला असता, पण परवानग्या आणि पत्रं होईपर्यंत पहिल्या पावसाच्या त्या रात्री हातच्या जातात, आणि त्या जाणं काय असतं हे आम्ही एकदा अनुभवलं होतं.

तिनं तीन वर्षांनी बाहेर पडायचं ठरवलं. वडिलांना ते पटायला वेळ लागला. ऑनर्स हा शब्द त्यांना वजनदार वाटत होता, आणि गावात सांगायलाही बरा. शिवाय प्रवेशपरीक्षेत निवड झालीच नाही तर काय, हा त्यांचा प्रश्न खरा होता. देशभरातून मुलं येतात, जागा थोड्या. त्यावर तिचं उत्तर तयार होतं. निवड झाली नाही तर वर्षभर कुठल्याही प्रकल्पावर मैदानी सहायक म्हणून काम करायचं, पुण्याच्या दोन्ही ठिकाणी अर्ज करायचे, आणि झाली तरी किंवा न झाली तरी २०२६ चा पहिला पाऊस कातळावरच काढायचा. सहाव्या सत्राची परीक्षा आणि पाऊस पुन्हा एकत्र आले तर पहिल्या रात्रींना भाऊ जाणार. त्याला तिनं शिकवून ठेवलं आहे.

प्रवेशअर्जातल्या निवेदनात तिनं पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांची यादी एका ओळीत आटोपली आणि बाकीचा मजकूर त्या रिकाम्या चौकोनांवर लिहिला. मी वाचून काही बदललं नाही.

नवा नोंदतक्ता तिनं जानेवारीतच छापून घेतला, जलरोधक कागदावर. प्रत्येक चौकोनात तीनच खुणा चालतील असं वर ठळक लिहिलं आहे: दिसला तर १, गेलो आणि दिसला नाही तर ०, गेलो नाही तर आडवी रेघ. रिकामं काही सोडायचं नाही. शेजारी पावसाचा, धुक्याचा आणि वेळेचा रकाना. सगळ्यात वर एक जास्तीची ओळ आहे, ‘पहिली हाक’. ती आईसाठी. २१ मेच्या त्या रात्री फोन ठेवल्यावर आईनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या चौकोनात ‘बेबे’ असं लिहून ठेवलं होतं, दुधाच्या हिशेबाच्या खाली. त्या हंगामाच्या पहिल्या रात्रीची आमच्याकडे असलेली नोंद ती एवढीच. या वर्षीचं कॅलेंडर टपरीत लावायचं ठरलं आहे, पाऊस लागणार नाही अशा खांबाला, आणि त्याला दोरीनं पेन्सिल बांधून.